उरकुडा आणि हिरव्या कड्याचा सारस

मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव होतं. तिथं उरकुडा नावाचा एक ढिवर राहायचा. मासे धरायचा आणि दिवसभर बोलायचा. त्या तळ्यावर पूर्वी सारस असत. लोकांनी त्यांची अंडी उचलली, धानावर औषधं मारली, आणि सारस संपले.

पुढे वनखात्याच्या माणसांनी दुसरीकडून अंडी आणून उबवली. एक पिल्लू वाढवायचं काम उरकुड्याला मिळालं. अट मात्र कडक होती. डोक्यापासून पायापर्यंत राखी झगा घालायचा. हातावर सारसाच्या लाल डोक्याचा कापडी मोजा चढवायचा आणि त्याच्या चोचीनं भरवायचं. तोंड दाखवायचं नाही, शब्द काढायचा नाही. पिलाला माणसाची सवय लागली, तर ते माणसाच्याच हातून मरणार.

एवढा बडबड्या उरकुडा, पण सात महिने पिलापुढे खोकलासुद्धा नाही. त्याची बायको देवका म्हणायची, "घरी इतके गप्प बसाल, तर मीबी चोचीनं भरवीन!"

पिल्लू उडू लागलं. पायात हिरवं कडं घालून त्याला तळ्यावर सोडलं. उन्हाळ्यात तळं आटलं, तसं ते नदीकडे गेलं. कडं पाहून लोक निरोप धाडत. आज डोहावर दिसला, आज नदीपलीकडच्या धानाच्या बांध्यांत. उरकुडा प्रत्येक निरोप घरोघर सांगत फिरे. पावसाळ्यात सारस परत आला.

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गावातला डोमा जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, "काय गा उरकुडा, एवढं चारलं तू त्याले. ओळखते का तुले?"

"त्यानं माझं तोंडच नाही पाहिलं."

"मंग कायचा बाप गा तू? आपली कोंबडीबी मालकाले ओळखते!"

बोल जिव्हारी लागला. दुसऱ्या सकाळी उरकुडा झगा न घालताच तळ्यावर गेला. मूठभर धान पुढं करून बसून राहिला. असं रोज केलं. आठव्या दिवशी सारसानं त्याच्या तळहातावरचे दाणे टिपले.

"मीच गा तो," उरकुडा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

पण हा माणूस आणि तो माणूस, हा फरक पाखराला काय कळणार? दोन दिवसांनी सारस चालत रस्त्यापर्यंत आला. एका परक्या वाटसरूनं हात पुढं केला. सारस जवळ गेला, तसा त्यानं पंखच धरला. उरकुडा ओरडत धावला, म्हणून जीव वाचला. मूठभर पिसं तेवढी त्या माणसाच्या हातात गेली.

त्या दिवशी उरकुडा जेवला नाही. देवका म्हणाली, "मग आता पुन्हा झगा घालून जा."

"झगा घालून नाही होत. ज्या तोंडानं सवय लावली, त्याच तोंडानं मोडा लागंल."

सकाळी तो उघड्या तोंडानं गेला. सारस धावतच आला. उरकुड्यानं पत्र्याचा डबा बडवला, घसा बसेपर्यंत ओरडला, चिखलाचे गोळे मारले. सारस थबकला आणि पुन्हा जवळ आला. एक गोळा पाठीत बसला, तेव्हा तो उडाला. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी उरकुडा लांबून दिसताच सारस उडून गेला. पुढे कुणीही माणूस जवळ आला, तरी तो तसाच उडे.

आता त्याला उरकुड्याचा चेहरा नीट ओळखू येत होता. वैऱ्याचा चेहरा म्हणून.

आणखी दोन पावसाळे गेले. तिसऱ्याला हिरव्या कड्याचा सारस जोडीनं आला. उरकुडा पाळीवर दिसला, की दोघं माना उंचावून ओरडत आणि पाण्यात आत सरकत.

डोमा हळूच म्हणाला, "अजून भेते गा तो तुले."

"भेऊ दे," उरकुड्यानं जाळं खांद्यावर टाकलं. "पिलं झाली, की त्याहीले भेणं शिकवंल."

आणि सारसांना टाळून तो लांबच्या वाटेनं घरी गेला.

तात्पर्य: वाढवलेल्यानं आपल्याला ओळखावं, हा आपला हट्ट झाला; त्याचा जीव राहावा म्हणून त्याच्या नजरेत वाईट होणं, ही खरी माया.