हत्तीवाटेचा रंग

दोन डोंगरांच्या मध्ये एक जंगल होतं. तिथं मोबाइल घरोघरी पोहोचले होते, पाणी मात्र खालच्या तळ्यातच राहिलं होतं. तळ्यापर्यंत जाणारी एक वाट होती आणि ती फक्त हत्तीसाठी राखलेली होती, कारण हत्ती हीच तिथली बस. रोज सकाळी तो वडाखालच्या थांब्यावर यायचा, गुडघे टेकायचा, ससे, मुंगसं, लंगडी हरणं पाठीवर घ्यायचा आणि झुलत झुलत तळ्यावर सोडायचा. बाकी कुणी त्या वाटेवर पाय ठेवायचा नाही, असा कायदा होता.

जंगलाचा नकाशाही सगळ्यांचा होता. मोबाइल उघडावा आणि आपल्याला ठाऊक असलेली वाट त्यात काढावी. नियम एकच, जमिनीवर जे असेल तेच नकाशात. साळू नावाची साळिंदर हा नियम कुळाचारासारखा पाळायची. आधी वाट चालून यायची, मगच काढायची. हत्तीची वाट तिनं निळी रंगवली होती. लाल म्हणजे हमरस्ता, पिवळी म्हणजे गल्ली, तुटक म्हणजे पायवाट, आणि ही यातली कुठलीच नव्हती.

साळूचा शेजारी होता कासवतात्या. उन्हाळ्यात आठ दिवसांनी तळ्यात बुडी मारली नाही, तर त्याच्या पाठीला भेगा पडायच्या. चालत निघाला असता तर पोहोचेपर्यंत पावसाळा आला असता.

एके दिवशी साळूनं नकाशा उघडला, तर निळी वाट लाल झालेली. खाली नाव होतं, भुरकोजी लांडगा, रस्तेमंत्री. साळूनं ती निळी केली. जेवून येते तर पुन्हा लाल. असं सात वेळा झालं. दुसऱ्या दिवशी त्या वाटेवरून मंत्र्यांचा तीस लांडग्यांचा ताफा धावू लागला. हत्ती थांब्यावरच उभा राहिला, पाय ठेवायलाच जागा नव्हती.

"साळू, बुडी मारून आज नववा दिवस," तात्या म्हणाला. "पाठ करकरायला लागली गं."

साळू सभेत गेली. भुरकोजी बोलतच होता. "बंधूंनो, भगिनींनो, ही वाट लाल का? साळूबाईंचाच नियम आहे, जमिनीवर जे असेल तेच नकाशात. जमिनीवर कोण धावतंय? आम्ही."

"ती वाट बसची आहे साहेब," साळू म्हणाली. "तुम्ही बस आहात का?"

सचिव कोल्हा भुरकोजीच्या कानाला लागला आणि संध्याकाळच्या आत फतवा निघाला. ज्याच्या अंगावर दुसरा जीव प्रवास करतो, ती बस.

भुरकोजीनं मान झटकली. तीन पिसवा दिसल्या. "हे आमचे प्रवासी. जन्मापासून आम्ही यांच्या सेवेत आहोत." टाळ्या पडल्या. 'घरोघरी पिसू, दारोदारी विकास' अशा घोषणा झाल्या. रानडुकराच्या अंगावर गोचिड होते, तो जादा बस ठरला. सिंहमहाराजांच्या आयाळीत माश्या होत्या, ते राजबस झाले. हत्ती मात्र आंघोळ करणारा, अंगावर एक पिसू नाही, आणि वाट अडल्यापासून पाठही रिकामीच. त्याला नोटीस आली की आपण बस असल्याचा पुरावा आढळला नाही.

साळूनं नोटीस दोनदा वाचली. मग मोबाइल काढला आणि वाट पुन्हा निळी केली. या वेळी खाली लिहिलं, 'मार्ग क्रमांक एक. बस : भुरकोजी लांडगा. थांबा : वडाखाली. वेळ : साहेब येतील तेव्हा.' भुरकोजीनं ते पाहिलं. आपलं नाव, त्यात क्रमांक एक. त्यानं कुणाला रंगाला हात लावू दिला नाही.

सकाळी वडाखाली ही रांग. ताफा धुरळा उडवत आला, तसा साळूनं पंजा आडवा धरला.

"थांबा."

"कोण थांबा?"

"तुम्ही. कायद्यात बस, नकाशात बस. टेका गुडघे, म्हातारा जीव आहे. तात्या, चढा."

भुरकोजीनं आजूबाजूला पाहिलं. रांगेतल्या प्रत्येकाचा मोबाइल त्याच्यावर रोखलेला. तो हसला आणि गुडघे टेकले. तात्या चढला, मागून चार ससे चढले, एक मुंगूस शेपटीला लोंबकळलं.

"जरा सांभाळून हाका," तात्या म्हणाला. "पिसवांना धक्के बसतील."

"आणखी एक बसेल ना?" असं विचारत साळू काटे फुलवून चढली. मागचे एकोणतीस लांडगे ते बघून आल्या वाटेनं पळाले.

भुरकोजी रडतखडत तळ्यावर पोहोचला. तात्यानं बुडी मारली आणि बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा पाठ काळीभोर चकाकत होती. दुपारपर्यंत पळालेले लांडगेही आडवाटेनं तळ्यावर आले आणि बस ठरायला नको म्हणून सगळ्यांनी चिखल लावून अंग खसाखसा घासलं. जंगलात एक पिसू उरली नाही. संध्याकाळी फतवा मागे घेतला गेला, जनभावनेचा आदर म्हणून.

वाट आजही निळी आहे. हत्ती जातो, येतो. लांडगे तिकडं फिरकत नाहीत. फक्त पाच वर्षांतून एकदा ते आपणहून वडाखाली येतात, कुणी न सांगता गुडघे टेकतात आणि पाठ पुढं करून मायेनं विचारतात, "चला, कुठं सोडू?"