हापसा कोणाचा?

एकदा एका कोरड्या प्रांतात समुद्रापलीकडच्या एका सेवाभावी मंडळाने गावोगावी हापसे बसवले. पाच वर्षे लोटली. पुढेही साहाय्य पाठवावे की थांबवावे, हे ठरवण्यापूर्वी झालेल्या कामाचा उपयोग किती झाला ते पाहावे, अशी विनंती मंडळाने एका वृद्ध आचार्यांना केली. आचार्यांसोबत त्यांची शिष्या निघाली. ती नुकतीच अभियांत्रिकी शिकून आली होती आणि कामात अत्यंत चोख होती.

महिनाभर हिंडून तिने एकेक हापसा पाहिला. जवळजवळ सर्वांना पाणी होते. कार्यक्रम सफल झाला, असा अहवाल तिने लिहिला. आचार्यांनी तो मन लावून वाचला आणि त्यातलीच दोन गावे पुन्हा पाहू, असे सुचवले.

पहिल्या गावात ते पहाटे पोहोचले. पाणवठ्यावर कोणी नव्हते. आचार्यांनी हापशाच्या दांड्याचा बोल्ट काढून पिशवीत टाकला आणि शेजारच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. लोकांचे पाणी तोडणे हे पाप आहे, असे शिष्येने स्पष्ट सांगितले. आचार्यांनी तिला जरा थांबायला सांगितले.

बायका आल्या. लोंबकळणारा दांडा पाहून त्या क्षणभर घुटमळल्या. हापसा मंडळाचा आहे, मंडळाचा माणूस येईल तेव्हा होईल, असे आपसांत बोलून त्या कोसभर दूरच्या ओढ्याकडे वळल्या. आचार्य लगबगीने उठले, त्यांना थांबवले, बोल्ट बसवून दिला आणि हात जोडून क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावातही त्यांनी तेच केले. तिथे प्रथम आली ती ठकूबाई नावाची प्रौढ स्त्री. तिने दांडा हलवून पाहिला, घागर खाली ठेवली, घरी गेली आणि पाना व जादा बोल्ट घेऊन परतली. थोड्याच वेळात पाणी सुरू झाले. मग ती सरळ झाडाखाली आली.

"बाबा, तुम्ही हितंच बसलाय म्हणून विचारते. बोल्ट कुणी नेला, बघितलं का?"

आचार्यांनी बोल्ट तिच्या हातावर ठेवला. "मीच काढला, बाई. चुकलो."

"विचारायचं तरी. मीच उघडून दाखवला असता," ती म्हणाली, आणि दोघांना चहाला घेऊन गेली. चहा पिताना तिने सांगितले, की हापशाची जागा गावातल्या बायकांनीच ठरवली होती. तो खोलायला आणि जोडायला शिकवल्याखेरीज त्यांनी कारागिराला गाव सोडू दिले नव्हते.

परतताना शिष्या म्हणाली, "माझ्या अहवालात दोन्ही गावं सारखीच होती."

"तुझं मोजमाप खोटं नव्हतं," आचार्य म्हणाले. "पाणी येतं का, हे तू विचारलंस, आणि उत्तर खरं मिळालं. पण दिलेली वस्तू कोणाची झाली, हे ती चालू असताना कळत नाही. मंडळ एक दिवस जाणारच. ते गेल्यावर गावात जे उरेल, तेच त्याचं काम."

शिष्येने अहवाल नव्याने लिहिला. हापसे थोडे कमी बसवा, पण शिकवणारी माणसे पाठवा, असे तिने सुचवले. मंडळाने ते मानले. पहिल्या गावात शिकवायला ठकूबाई स्वतः चार दिवस राहून आली.

पुढल्या वर्षी त्या गावचा हापसा खरोखरच बिघडला. ही बातमी मंडळाला कळली, तेव्हा तो दुरुस्त होऊन आठ दिवस झाले होते.