नदीचा कायदा परत गेला त्याची गोष्ट

एका देशात एक राष्ट्राध्यक्ष होती, आणि तिला रात्र रात्र झोप लागत नसे. शत्रू चालून येत होता असं काही नव्हतं. तिची सहा वर्षांची लेक जुई एक दिवस शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, देश तर प्रधानजी चालवतात. मग तू काय करतेस?"

"मी राष्ट्राध्यक्ष आहे."

"हो गं, पण करतेस काय?"

आता काय सांगणार? ती झेंडा फडकवी, फिती कापी, पाहुण्या राजांना हार घाली. कामाला दिवस पुरत नसे, पण कामाचं नाव सांगायची वेळ आली की तिची जीभ अडखळे. बाई शिकलेली, देशाची घटना तोंडपाठ. तरी उशीवर डोकं टेकलं की वाटे, आपण म्हणजे खुर्चीत बसवलेला एक शिक्काच की काय!

हा देश एका रुंद नदीच्या दोन काठांवर वसलेला होता. अलीकडे राजधानी, बाजार, शाळा आणि सभागृह. पलीकडे नुसत्या वाड्या. कायदे करायची ती लोकांनी निवडलेली सभा आणि तिचे प्रधानजी. त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची मोहोर उमटली की तो लागू होई. कायदा पटला नाही, तर फेरविचारासाठी परत पाठवता येई, पण एकदाच. सभेनं पुन्हा धाडला, की निमूट मोहोर उमटवायची.

एका उन्हाळ्यात प्रधानजींचा नातू नदीत पडला. पडला तो गुडघाभर पाण्यात, आणि हसत बाहेरही आला, पण प्रधानजींच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी दुपारीच सभा भरवली. पलीकडच्या सभासदांची होडी पोचायच्या आत कायदा झालासुद्धा: बारा वर्षांखालच्या मुलांनी नदीत उतरायचं नाही आणि होडीतही बसायचं नाही.

अध्यक्षबाईंनी तो वाचला आणि त्यांना प्रधानजींना मिठाई पाठवावीशी वाटली. कारण जुईला पाण्याचं वेड होतं. नदी दिसली की ती आधी चपला काढी आणि मग परवानगी मागे. तेवढ्या वेळात आईच्या मनात नाही नाही ते येऊन जाई.

"कुणीतरी माझ्या मनातलं ओळखलं बाई!" असं म्हणत त्यांनी मोहोर उचलली.

"आत्ता नको," प्रधानजी म्हणाले. "उद्या वर्धापनदिन आहे. शाळेत झेंडावंदन झालं की लोकांसमोर उमटवा. टाळ्या पडतील."

दुसऱ्या दिवशी झेंडा फडकला, गाणी झाली. मग एक मुलगी अध्यक्षबाईंना फुलं द्यायला पुढे आली. नऊ-दहा वर्षांची असेल. तिचा परकर गुडघ्यापर्यंत ओला होता.

"नाव काय गं तुझं? आणि एवढी भिजलीस कशी?"

"तुळसा. पलीकडनं आले ना, होडीतून."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर कशाला? मी वल्हवते, भाऊ पाणी उपसतो."

अध्यक्षबाई दचकल्या. "अगं बाई! आणि होडी उलटली तर?"

"मग पोहायचं," तुळसा म्हणाली. हे कसं माहीत नाही, असा तिचा चेहरा झाला होता. मग तो उतरला. "पण आजचा शेवटचा दिवस. कायदा होणार आहे म्हणे. आमच्या बाजूला शाळा नाही. आई म्हणाली, आता घरीच बस."

अध्यक्षबाईंनी तिच्या हातातली फुलं घेतली.

"देशात सगळ्यांत मोठ्या तुम्हीच ना?" तुळसानं विचारलं. "मग थांबवा की तुम्ही."

"मला कायदा थांबवता येत नाही, बाळ."

"मग तुम्हाला येतं तरी काय?"

तेवढ्यात प्रधानजी तबक घेऊन आले. तबकात कायदा, मोहोर आणि शाई. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर केले. अध्यक्षबाईंनी मोहोर उचलली, आणि हात तसाच थांबला.

मोहोर उमटली की जुई काठावर सुखरूप राहणार होती. आईला गाढ झोप लागणार होती. पण मोहोर काही जुईच्या आईची नव्हती. ती दोन्ही काठांची होती.

त्यांनी ती तबकात परत ठेवली. "प्रधानजी, हा कायदा मी फेरविचारासाठी परत पाठवते."

"तुम्ही?" प्रधानजींचे डोळे विस्फारले. "अहो, लेक घाटाकडे वळली की हाका मारत मागे धावणाऱ्या तुम्हीच ना त्या?"

लोक हसले. अध्यक्षबाईंनाही हसू आलं. "हो, मीच ती. माझ्यासारख्या आयांच्या मनातलं तुम्ही बरोबर ओळखलंत. पलीकडच्या एका तरी आईला विचारलंत का?"

"आणि आम्ही हाच कायदा पुन्हा पाठवला तर?"

"तर लगेच मोहोर उमटवीन. तुम्ही लोकांनी निवडलेले आहात. मी विचारू शकते, तेवढं विचारलं."

प्रधानजी पाय आपटत गेले. तुळसानं तबकात डोकावून पाहिलं. मोहोर उमटली नव्हती, पण कायदा मेलाही नव्हता.

सभा पुन्हा भरली. या वेळी पलीकडच्या सभासदांसाठी लोक थांबले, आणि त्यांच्या होड्यांतून पलीकडच्या आयाही आल्या. अध्यक्षबाई बाहेर आपल्या दालनात शाईची दौत उघडून बसल्या. आत जाऊन बोलायची त्यांना मुभा नव्हती. आतून मात्र सगळं ऐकू येत होतं.

"पोरांना पाण्यापासून लांब ठेवून काय होणार, प्रधानजी?" तुळसाची आई विचारत होती. "पावसाळ्यात नदीच तुमच्या दारात येते. नातवाला पोहायला शिकवा की!"

"कोण शिकवणार?"

"आम्ही शिकवू. तुमच्या घरात कुणालाच येत नाही वाटतं?"

मग प्रधानजींचा बारीक आवाज आला, "मलाही येत नाही हो. या वयात शिकता येईल का?"

सभागृहात असा हशा उसळला की अध्यक्षबाईंच्या दौतीतली शाई हलली.

संध्याकाळी कायदा परत आला. अध्यक्षबाईंनी एक डोळा मिटून तो उघडला. शाळेच्या होड्या आता मोठी माणसं वल्हवणार होती, आणि तीही सरकारी खर्चानं. तुळसाची शाळा वाचली! त्यांना नाचावंसं वाटलं. मग त्यांनी खालची ओळ वाचली: देशातलं प्रत्येक मूल, दोन्ही काठांवरचं, सात वर्षांचं व्हायच्या आत पोहायला शिकेल.

जुईला लवकरच सातवं पुरं होणार होतं. कायदा परत पाठवायची सोय तर वापरून झाली होती. अध्यक्षबाई स्वतःशीच खुदकन हसल्या आणि त्यांनी मोहोर उमटवली. थोडी तिरकी उमटली, पण उमटली.

पुढच्या रविवारी घाटावर जत्रा लोटली. पाठीला सुके भोपळे बांधून मुलं धपाधप पाण्यात उड्या मारत होती. प्रधानजींच्या पाठीला दोन भोपळे होते, तरी ते तुळसाच्या आईचा हात सोडायला तयार नव्हते. तुळसानं जुईला पाण्यात ओढलं. काठावर अध्यक्षबाईंनी पदरानं डोळे झाकले, आणि मग पदराआडून हळूच पाहिलं. जुई हातपाय मारत होती, खोकत होती, आणि खिदळत होती. तरंगतही होती.

तात्पर्य: ज्याची खुर्ची सगळ्यांची, त्यानं आपली आवड बाजूला ठेवावी, ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांच्या वतीनं एकदा 'थांबा' म्हणावं, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलेलं मनापासून मान्य करावं.

हे तात्पर्य अध्यक्षबाईंनी त्याच दिवशी जेवताना लेकीला नीट समजावून सांगितलं. जुईनं शहाण्यासारखी मान डोलावली, ताट आईकडे सरकवलं आणि म्हणाली, "आई, ही कारल्याची भाजी मी फेरविचारासाठी परत पाठवतेय."