गाणाऱ्या कानाचा साचा

सोलापुरात कानाचे साचे घडवणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. नाव चनबसप्पा, सगळे त्यांना अप्पा म्हणत. गायकांना मंचावर स्वतःचा आवाज आणि वाद्यं नीट ऐकू यावीत म्हणून कानाच्या आत एक छोटं यंत्र बसवतात. अप्पा ते प्रत्येकाच्या कानाच्या मापाने करून देत. त्या यंत्रात नखाएवढा एक तुकडा असतो. तो बदलला की ढोलकीचा घुमारा, वादकांच्या भाषेत बेस, कमी-जास्त होतो. हे तुकडे बसवण्याचं काम अप्पांची शिष्या मेहरुन मोठ्या हौसेने करी.

एके दिवशी शालनताई अप्पांनी करून दिलेलं आपलं यंत्र घेऊन आल्या. वाद्यवृंदात वीस वर्षं गाणाऱ्या या बाई मागच्या कार्यक्रमात दोनदा ठेक्यावरून घसरल्या होत्या.

"गाताना ढोलकी ऐकूच येत नाही गं," त्या म्हणाल्या.

मेहरुनने जास्त बेसचा तुकडा बसवला आणि गाणं लावलं. शालनताईंनी डोळे मिटून मान डोलावली. "आता कसं झकास!"

तालमीत मात्र ढोलकी पुन्हा हरवली. मेहरुनने आणखी भारी तुकडा बसवला. दुकानात उत्तम, तालमीत तेच. तिसऱ्या खेपेला तिने सर्वांत भारी तुकडा लावला. नुसतं बसून ऐकताना डोकं घणघणू लागलं; पण गायला लागताच घुमारा गायब.

चौथ्यांदा शालनताई आल्या त्या रडवेल्या होऊन. "शनिवारी चुकले तर माझ्या जागी दुसरी गायिका उभी करणार आहेत. मेहरुन, खरं सांग, माझे कानच जायला लागलेत का?"

मेहरुनने अप्पांकडे पाहिलं.

अप्पा उठले. तुकड्यांची पेटी त्यांनी उघडलीसुद्धा नाही. एक लाकडी ठोकळा स्वच्छ धुऊन त्यांनी शालनताईंच्या हाती दिला. "ताई, हा दातांत धरा. तोंड चांगलं उघडं राहू द्या." मग त्यांनी दोन्ही कानांत साच्याचा मऊ लगदा भरला.

"अप्पा, तक्रार कानाची, अन् तोंड कशाला उघडायला लावताय?" मेहरुन म्हणाली. शालनताईंनाही हसू फुटलं. ठोकळा पडता पडता राहिला.

"हसू नका ताई, साचा बिघडेल." मग अप्पा शिष्येकडे वळले. "कानात बोट घाल. आता 'आ' कर."

मेहरुनने तसं केलं आणि ती थबकली. बोटाभोवतीची कानाची भिंत चक्क सरकली होती.

"जबडा उघडला की कानाची वाट बदलते," अप्पा म्हणाले. "यंत्राच्या कडेला फट पडते आणि तिच्यातून सर्वांत आधी घुमारा निसटतो. ताईंचे कान शाबूत आहेत. तुझे तुकडेही चांगले होते, पोरी. पण तू ताईंना गप्प बसवून विचारलंस, आणि त्यांची अडचण होती गाताना. माणूस ज्या कामात अडतो, ते काम करतानाच त्याला पाहावं. आणि चूक एकट्या तुझी नाही. पहिला साचा मीच घेतला होता, तोंड मिटवून."

"तुम्ही, अप्पा?"

"मीच की. त्या दिवशी ताईंनी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. माझं लक्ष तिकडं!"

दोन दिवसांत नव्या साच्याचं यंत्र तयार झालं. मेहरुनने त्यात सर्वांत हलका तुकडा बसवला, बारीक आवाजात ढोलकी सुरू केली आणि म्हणाली, "ताई, गा." शालनताईंनी वरचा स्वर लावला, आणि गाता गाताच त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. शनिवारी त्या एकदाही चुकल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका आले. "जरा बेस वाढवून दे, बेटा," म्हणत ते खुर्चीत टेकले.

"वाद्य आणलंय ना, काका?" मेहरुनने विचारलं. "मग उभे राहा आणि आधी मला वाजवून दाखवा."