बुवांच्या हातचं तीर्थ

नदीकाठच्या एका गावात केसोबुवा नावाचे कीर्तनकार राहत. माणूस लाख मोलाचा, पण भांगेचं नाव काढलं की अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दर शिवरात्रीला कीर्तनात गरजायचे, "भांगेला ज्याचा हात लागला, त्याच्या हातचं तीर्थसुद्धा घेऊ नका!"

एका हिवाळ्यात बुवांच्याच तळव्यांना भेगा पडल्या. हातात चिपळ्या धरवेनात. त्यांची बायको सगुणाबाई मोठी मायाळू आणि तितकीच खट्याळ. तिने कसलासा पाला तुपात कढवला, गाळला आणि रोज बुवांचे हात मांडीवर घेऊन चोळू लागली. हात मऊ झाले, तेव्हा बुवांनी विचारलं, "पाला कसला गं?"

"देवळामागची भांग."

"अरे देवा! घात केलास!"

"चोळलीच ना? पाजली तर नाही! चढली का?"

"चढली नाही," बुवा पुटपुटले. "पण कुणाला सांगू नकोस हो, पाया पडतो."

शिवरात्र आली. कीर्तन संपलं, तीर्थाला रांग लागली. सगळ्यांत पुढे ठकूबाई रंगारीण, कडेवर तान्हं लेकरू.

"बुवा, तुमचे हात कशानं हो बरे झाले? माझे रंगाच्या पाण्यानं असे फाटलेत, की लेकराला कुरवाळलं तरी रडतं."

'देवाची कृपा' असं बुवांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांना लेकराच्या गालावरचे ओरखडे दिसले. बिचारं पोर!

बुवांनी पळी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भांगेच्या पाल्यानं, बाई. हिनं तुपात कढवून चोळला. गुण पाल्याचा, तुपाचा की हिच्या हातांचा, मला ठाऊक नाही. उरलेलं मलम आजच घेऊन जा. लेकराच्या तोंडात मात्र जाऊ देऊ नकोस. आणि मंडळी, शब्द माझाच आहे. आज माझ्या हातचं तीर्थ घेऊ नका."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. बुवांनी मान खाली घातली.

ठकूबाईने लेकरू सावरलं आणि आपला भेगाळलेला तळवा पुढे केला. "घाला बुवा. तुमच्याच हातचं हवंय मला."

बुवांचे डोळे भरून आले. ठकूबाईच्या मागे सगुणाबाई हात पुढे करून उभी होती, आणि तिच्यामागे तो हसणारासुद्धा.

तात्पर्य: ज्याने आपलं दुखणं हलकं झालं, ते दुसऱ्या दुखणाइताला उघडपणे सांगावं; त्यापायी आपला जुना शब्द खोटा पडला, तरी माणूस खोटा पडत नाही.