लेकीच्या विहिरीचे पाणी

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, याची खात्री नाही. राजाचे नाव तर साफ विसरलो. संस्थान मोरदरीचे, एवढे बहुधा बरोबर असावे. पण हरबाजीपंतांना विसरणे शक्य नाही.

पंत पेशाने विश्वस्त होते. कोणी वारले, कोणाचे लग्न ठरले, कोणाला पोर झाले, की पंत दारात हजर! चेहरा पडलेला, आवाज लोण्यासारखा. "अशा वेळी माणसाचं मन थाऱ्यावर नसतं. तुम्ही रडा, हसा, पाळणा हलवा. घरदार आम्ही सांभाळतो!" आणि ते असे सांभाळत, की परत द्यायची वेळ येईपर्यंत त्या घरात नवे काहीतरी घडलेले असे.

सुभानजी माळी वारला तेव्हा त्याची आईवेगळी, एकुलती एक लेक येसू लहान होती. पंतांनी तिचा आंब्याचा मळा सांभाळायला घेतला आणि मळ्यातल्या घराच्या ओसरीवर बैठक मारली ती कायमची. स्वतःच्या घराला कुलूप ठोकले, आपले नोकर काढून टाकले. जेवण मळ्याचे, गडी मळ्याचे, पाणी मळ्यातल्या विहिरीचे, ते प्यायचा तांब्यासुद्धा मळ्याचा! येसू मात्र कुंपणाजवळच्या खोपटात वाढली.

तिचे लग्न झाले. केसांतल्या अक्षता झटकल्या आणि ती थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, मी संसाराला लागले. आता माझा मळा मला द्या."

पंत कळवळले. "नव्या नवरीचं मन थाऱ्यावर नसतं, महाराज. पहिलं मूल होऊ द्या."

"आणि मूल झाल्यावर?" येसूने विचारले.

"बाळंतिणीचं मन तर मुळीच थाऱ्यावर नसतं!"

"मग म्हातारी झाल्यावर?"

"तेव्हा तुझ्या वारसांना आधार नको का, पोरी?"

दरबार हसला. राजा हसला नाही. राजा हट्टी होता, आणि हट्टी माणसे आजोबांना फार मानतात. "विश्वस्ताला कोणी उठवायचं नाही, तो आपणहून उठेल तेव्हाच उठेल, हा आमच्या आजोबांचा शब्द. तो मी मोडणार नाही. पण तुला एक संधी देतो. उद्या सूर्य मावळायच्या आत पंत स्वतःच्या पायांनी मळ्याबाहेर पडले, तर मळा तुझा. त्यांना ढकलायचं नाही, भिववायचं नाही, 'जा' म्हणायचं नाही. नाही पडले, तर मळा जन्मभर त्यांचा!"

पंतांना हसू आवरेना. आपणहून ते एकाही घरातून कधी उठले नव्हते.

"कबूल!" येसू म्हणाली. "पण उद्या महाराजांनी सगळ्या दरबाऱ्यांसह माझ्या घरी जेवायला यावं. आणि पंत, एवढं सांगा, तुम्ही माझे कोण?"

"हे काय विचारणं झालं?" पंतांनी उपरण्याने डोळे टिपले. "मी तुझ्या बापाच्या जागी! कन्यादान कोणी केलं? मीच ना?"

"तुम्हीच," येसू म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पंत पहाटेपासून ओसरीचा खांब धरून बसले. वैशाखाचे ऊन. दुपारी ओसरीसमोरच पंगत बसली. येसू आणि तिचा नवरा वाढत होते. राजाने पन्ह्याचा पेला एका दमात संपवला. पंतांनीही गड्याला हाक मारली, "अरे, तांब्या आण!"

"अगंबाई!" येसूने कपाळावर हात मारला. "बाबा, हे काय करताय? लेकीच्या घरचं पाणी पिता? तिला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरादारातल्या पाण्याचा थेंब घेत नाही!"

पंगतीतले हात थांबले. राजपुरोहित म्हणाले, "रूढी आहे खरी." (शास्त्राधार मी पुष्कळ शोधला, सापडला नाही. रूढीला तो लागतही नसावा.)

"कसली लेक नि कसला बाप!" पंत ओरडले.

"बाप नाही?" येसू म्हणाली. "मग माझ्या ओसरीवर हा परका पुरुष कोण बसलाय? महाराज, तुम्हीच बघा!"

पंत चपापले. "नाही, नाही! बापच! पण मी माझ्या घरून पाणी मागवीन."

"मागवा की! आणायला कोण जाणार? गडी लेकीचे. आणणार कशातून? भांडी लेकीची. तुमचं असं इथे आहे काय, बाबा?"

पंतांनी भोवती पाहिले. इतक्या वर्षांत त्यांचे स्वतःचे असे तिथे काहीही नव्हते. ऊन वाढत गेले. आंब्याच्या रसाची वाटी नाकासमोरून गेली, परत आली, पुन्हा गेली. पंतांचे ओठ सुकले, जीभ टाळ्याला चिकटली.

"येसू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मूल कधी होईल गं?"

"मला घाई नाही, बाबा. बाळंतिणीचं मन थाऱ्यावर नसतं म्हणतात!"

ऊन कलले तसे पंत उठले. जोडे घालायलाही थांबले नाहीत. कुंपणातून बाहेर पडून नदीच्या दिशेने धावत सुटले.

राजा हसून हसून पाटावरून कलंडला. "स्वतःच्या पायांनी! तेही अनवाणी! येसू, मळा तुझा!" त्याने हातातले सोन्याचे कडे तिच्यापुढे ठेवले. "आणखी काय हवं, माग!"

"एक दवंडी पिटवा, महाराज. हरबाजीपंत ज्या ज्या घराचे विश्वस्त, त्या त्या घरच्या लेकींचे ते बाप!"

"आजच पिटवतो!" राजा म्हणाला, आणि पुन्हा कलंडला.

पुढे कितीतरी वर्षांनी मी त्या बाजूला गेलो, तेव्हा एवढे मात्र चार जणांना विचारून पक्के केले. पंतांच्या घराण्यातले लोक आजही येसूच्या गावात जाताना पिण्याचे पाणी घरून नेतात. कारण विचारले तर म्हणतात, तिथले पाणी आम्हाला बाधते.