वारा कुठल्या गालावर

होड्या बोलायच्या आणि वारा ऐकायचा, त्या काळची गोष्ट. खाडीच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरलेल्या शेवंती होडीला एकच नियम पाठ होता: वारा जिच्या उजव्या गालावर, तिला समोरचीने वाट द्यायची.

वारा उजवीकडूनच होता. मग काय, “वाट! वाट!” ओरडत बाईसाहेब सुटल्या. समोरून आलेल्या म्हाताऱ्या साळूआजी होडीनेही निमूट वाट दिली.

जायचं होतं वाऱ्याच्या विरुद्ध, आणि तसं सरळ जाता येत नाही, म्हणून सगळ्या नागमोडी चालल्या होत्या. दोघी वळल्या आणि पुन्हा एकमेकींच्या आडव्या आल्या.

“वाट!” शेवंती खेकसली.

“पोरी, आता तू द्यायचीस.”

“मघाशी तर तू दिलीस!”

“मघाशी वारा तुझ्या उजव्या गालावर होता. आता बघ बरं!”

शेवंतीने पाहिलं. डावा गाल गार पडला होता. ती धडपडत आजीच्या मागून निघाली; फळीला फळी घासता घासता राहिली. पहिला नंबर हातचा गेला.

पुढच्या वळणावर दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. वारा शेवंतीच्या उजव्या गालावर. तिने ओरडायला तोंड उघडलं, तर साळूआजी केव्हाच बाजूला झालेली.

“जा गं,” आजी हसली, “आता पाळी तुझी.”

शेवंतीने तोंड हळूच मिटलं.